पेज, मुठेल आणि बांगडा : अकरावीचं जैवरसायन असं शिका

जून संपत आला की आमच्या वर्गात दरवर्षी एक प्रश्न येतो. बाहेर पाऊस कोसळत असतो, निम्मी मुलं भिजून आलेली असतात, फळ्यावर मी ग्लुकोजचं षटकोनी कडं काढलेलं असतं आणि मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, "मॅडम, ह्यां सगळां पाठ करूचां काय?"

मालवणजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवते. माझ्याकडची बहुतेक मुलं दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली असतात. अकरावीला सायन्स घेतलं की एका रात्रीत कर्बोदकाचं कार्बोहायड्रेट होतं, विकराचं एन्झाइम होतं, सामूचा पीएच होतो. मूल हुशार असतं, पण त्याचा सगळा जोर शब्द पेलण्यातच संपतो आणि रेणूपर्यंत ते पोहोचतच नाही. मग पाठांतर सुरू होतं. मीही बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी हेच केलं. वीस अमिनो आम्लांची नावं मला घडाघडा म्हणता यायची, पण त्यातलं एक पाण्याकडे का ओढलं जातं आणि दुसरं पाण्यापासून का लपतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हे लिहितेय ते त्यासाठीच.

आधी वही. प्रत्येक पानाचे तीन उभे भाग करा. पहिल्यात मराठी शब्द, दुसऱ्यात कॉलेजात वापरतात तो शब्द, तिसऱ्यात घरातली वस्तू. विकर, एन्झाइम, कच्च्या पपईचा चीक. मेदाम्ल, फॅटी अॅसिड, खोबरेल. तिसरा रकाना रिकामा सोडून पुढे जाऊ नका, कारण परीक्षेत अडलात तर तोच आधाराला येतो.

दुसरी वस्तू म्हणजे एक लाल पेन्सिल. ती कशाला, ते पाण्यापाशी कळेल.

पहिला धडा पाण्याचा

पुस्तकात पाण्याला अर्धं पान मिळतं आणि मुलं ते उलटून पुढे जातात. मी मात्र पहिला अख्खा आठवडा पाण्यावर घालवते. पेशीत साधारण सत्तर टक्के पाणी असतं आणि बाकीचा प्रत्येक रेणू त्या पाण्यातच वावरतो, तेव्हा यजमानाची ओळख आधी व्हायला हवी.

पाण्याचा रेणू सरळ रेषेत नसतो. ऑक्सिजनला दोन हायड्रोजन १०४.५ अंशांच्या कोनात जोडलेले असतात. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, म्हणून त्याची बाजू किंचित ऋण होते आणि हायड्रोजनची बाजू किंचित धन. एका रेणूची धन बाजू शेजारच्या रेणूच्या ऋण बाजूला धरते. हाच हायड्रोजन बंध. तो एकेकटा कमजोर असतो, क्षणात तुटतो आणि क्षणात दुसरीकडे जुळतो, पण अशा असंख्य बंधांमुळे पाणी एकमेकांना धरून राहतं.

एका वाडग्यात पाणी घ्या, त्यात खोबरेलाचा एक थेंब सोडा आणि नीट बघा. "तेल पाण्यात मिसळत नाही" एवढं तर चौथीच्या मुलालाही माहीत असतं. तुम्ही कारण शोधा. खोबरेलाच्या लांब साखळीत नुसते कार्बन आणि हायड्रोजन. तिथे धन-ऋण असं काही नाही, त्यामुळे पाण्याला धरायला जागाच नाही. पाण्याचे रेणू एकमेकांचे हात सोडायला तयार नसतात आणि तेल आपसूक बाजूला पडतं. मिठाचं याच्या उलट. सोडियमचा धन आयन आणि क्लोरिनचा ऋण आयन, दोघांभोवतीही पाणी गराडा घालतं आणि त्यांना एकमेकांपासून सोडवून नेतं. शिरोड्याच्या मिठागरात उलटी गोष्ट घडते. उन्हानं पाणी निघून गेलं की हेच आयन पुन्हा एकत्र येऊन खडे होतात.

आता लाल पेन्सिल घ्या. पुस्तकात रेणूची जी जी आकृती येईल, तिच्यातल्या प्रत्येक ऑक्सिजनला, प्रत्येक नायट्रोजनला आणि प्रत्येक धन किंवा ऋण भाराला लाल रंग द्या. कार्बन आणि त्याला चिकटलेले हायड्रोजन काळेच राहू द्या. जिथे लाल दाट, तो भाग पाण्याला धरणारा. जिथे सलग काळं, तो भाग पाण्याला टाळणारा. ग्लुकोज रंगवलंत तर चहूबाजूंनी लाल ठिपके दिसतील. साखर पाण्यात का विरघळते, हे वेगळं पाठ करावं लागत नाही. मेदाम्ल रंगवलंत तर एका टोकाला लाल आणि मागे लांबलचक काळी शेपटी. पेशीचं आवरण दुपदरी का, शेपट्या आतल्या बाजूला का, हे त्या चित्रातूनच कळतं. पुस्तक रंगवल्याबद्दल कुणी रागावलं तर माझं नाव सांगा.

तीन वाट्या

मेदाचा धडा मी तीन वाट्यांनी सुरू करते. एका वाटीत खोबरेल. दुसरीत मुठेल, म्हणजे रातांब्याच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळून वर येणारं तेल. थंड झाल्यावर त्याचे मुठीत गोळे वळतात आणि घरोघरी ते टाचांच्या भेगांना लावतात. तिसऱ्या वाटीत तारली नुसत्या पाण्यात उकळून वर तरंगणारं तेल चमच्यानं काढून घेतलेलं.

या वाट्या वर्षभर बघायच्या. जानेवारीतल्या पहाटे खोबरेल थिजतं, दहा वाजेपर्यंत पुन्हा पातळ होतं. त्याचा वितळणबिंदू चोवीस अंशांच्या आसपास. मुठेल मे महिन्यातल्या उकाड्यातही घट्ट राहतं, कारण ते वितळायला चाळीसच्या जवळपास तापमान लागतं. तारलीचं तेल फ्रिजमध्ये ठेवलं तरी बरंचसं पातळच.

इथे मुलं अडखळतात. पुस्तकातलं वाक्य असतं, संपृक्त मेद (साखळीत दुहेरी बंध नसलेला) घट्ट आणि असंपृक्त मेद (दुहेरी बंध असलेला) पातळ. मग खोबरेल तर बहुतांशी संपृक्त, ते वर्षातले दहा-अकरा महिने पातळ कसं? प्रश्न बरोबर आहे आणि पुस्तकाचं वाक्य अपुरं आहे. बघायच्या गोष्टी दोन. साखळी किती लांब, आणि साखळीला बाक किती. खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं, त्यात कार्बन फक्त बारा. साखळ्या सरळ आहेत, पण आखूड, म्हणून एकमेकींना धरायला लांबी पुरत नाही. मुठेलात मुख्यतः स्टिअरिक आणि ओलिक आम्ल, दोन्हींत कार्बन अठरा. स्टिअरिकची साखळी सरळ, ओलिकला मध्यभागी एक दुहेरी बंध आणि तिथे बाक. सरळ लांब साखळ्या चुडतांच्या मोळीसारख्या घट्ट बसतात, म्हणून मुठेल घट्ट. तारलीच्या तेलातल्या एका मेदाम्लात वीस कार्बन आणि पाच दुहेरी बंध, दुसऱ्यात बावीस कार्बन आणि सहा. इतक्या वाकड्या काटक्यांची मोळी बांधायला गेलात तर ती बांधलीच जाणार नाही.

याच्याही पुढचा प्रश्न वहीत लिहून ठेवा. माशाला वाकड्या साखळ्या हव्यात कशाला? माशाच्या अंगाचं तापमान बाहेरच्या पाण्याप्रमाणे बदलतं. पाणी गार झालं म्हणून पेशीचं आवरण मुठेलासारखं थिजलं तर त्यातून काही आतबाहेर जाणार नाही. वाकड्या साखळ्या ते आवरण सैल ठेवतात. मेद म्हणजे अंगावरची चरबी एवढंच ज्याच्या डोक्यात असतं, त्याचं डोकं या एका वाटीनं उघडतं, हे मी बावीस वर्षं बघत आलेय.

पेज आणि पेंढा

कर्बोदकांसाठी औषधाच्या दुकानातून पोव्हिडोन आयोडीनची लहान बाटली आणा. घरी केळीचा लोंगर उतरवला असेल तर उत्तमच. पहिल्या दिवशी कच्च्या केळ्याची चकती कापा, पाण्यात पातळ केलेल्या आयोडीनचे दोन थेंब टाका. निळी-काळी होईल. त्याच फणीतलं एकेक केळं दर दिवसाआड कापत जा. केळं पिवळं होत जाईल तसा काळा रंग ओसरत जाईल, कारण पिष्टाची साखर होतेय. आयोडीन लावलेल्या चकत्या खायच्या नाहीत, गुरांनाही घालायच्या नाहीत.

हाच प्रयोग पेजेवर करताना माझी एकदा फजिती झाली. घाईत गरमागरम पेजेत आयोडीन टाकलं, रंग आलाच नाही. वर्ग गप्प, मीही गप्प. पेज निवत गेली तसा निळा रंग आपोआप उमटत गेला. कारण असं, की पिष्टातल्या एका प्रकारच्या साखळीचा, अमायलोजचा, जिन्यासारखा पीळ असतो आणि आयोडीन त्या पिळाच्या आत बसतं तेव्हाच निळा रंग दिसतो. उष्णतेनं पीळ सैल होतो, आयोडीन सुटतं. तेव्हापासून मी मुद्दाम गरम पेजेपासूनच सुरुवात करते.

पुढे पेजेचं निवळ दोन वाट्यांत घ्या. एका वाटीत स्वतःची लाळ घाला. दुसऱ्या वाटीत लाळ आधी चांगली उकळून मग घाला. अर्ध्या तासानं दोन्हींत आयोडीन टाका. पहिल्या वाटीत रंग फिका येईल किंवा येणारच नाही. लाळेतल्या अमायलेज या विकरानं पिष्ट तोडलेलं असतं. दुसरीत निळा येईल. उकळून त्या विकराचं काय झालं, ते पुढे बांगड्याजवळ सांगते.

आता भाताच्या मळणीची आठवण करा. एकाच रोपाचा दाणा माणूस खातो आणि पेंढा गाय खाते. दाण्यातलं पिष्ट ग्लुकोजचं बनलेलं. पेंढ्यातलं सेल्युलोजही ग्लुकोजचंच. फरक आहे तो जोडणीत. पिष्टात सगळी कडी एकाच बाजूनं जोडत जातात, त्यामुळे साखळीला पीळ पडतो. सेल्युलोजात एकाआड एक कडं उलटं फिरवून जोडलेलं असतं, म्हणून साखळी ताठ होते आणि शेजारच्या साखळ्यांना हायड्रोजन बंधांनी घट्ट बांधून घेते. आपलं अमायलेज पहिली जोडणी ओळखतं, दुसरी ओळखत नाही. गायीकडेही स्वतःचं तसं विकर नाही. तिच्या पोटातल्या पहिल्या कप्प्यातले सूक्ष्मजीव तिच्यासाठी हे काम करतात. पहिल्या जोडणीचं नाव अल्फा बंध, दुसरीचं बीटा बंध. हे शब्द यानंतर लिहा, आधी नको.

बांगडा

प्रथिनांचा धडा सर्वांत मोठा आणि माझ्या मते सर्वांत सुंदर. त्याला घाई करू नका.

अमिनो आम्लाच्या एका बाजूला अमाइन गट असतो, दुसऱ्या बाजूला आम्लाचा गट, आणि मधल्या कार्बनला लटकलेली एक बाजूसाखळी. एक प्रोलिन सोडलं तर सगळ्या अमिनो आम्लांत पहिले दोन गट सारखे, फरक फक्त बाजूसाखळीचा. म्हणून वीस नावं पाठ करण्याआधी वीस बाजूसाखळ्या लाल पेन्सिलीनं रंगवा. काही काळ्याच राहतील, काही लाल होतील, काहींवर धन किंवा ऋण भार दिसेल. माळेसारखी जोडलेली ही आम्लं पाण्यात सोडली की काळ्या बाजूसाखळ्या पाणी टाळायला आत दडतात, लाल बाहेर राहतात आणि माळेची एक ठरावीक घडी पडते. ती घडी म्हणजेच प्रथिनाचं काम. घडी विस्कटली की काम थांबलं.

सुरमईच्या कच्च्या तुकडीवर लिंबू पिळून ठेवा. थोड्या वेळात पारदर्शक मांस वरून पांढरं होतं, जणू शिजलंच. आच लागलेली नाही, पण आम्लानं बाजूसाखळ्यांवरचे भार बदलले, घडी उलगडली. तव्यावर हेच काम उष्णता करते. उकळलेल्या लाळेतल्या अमायलेजचंही तेच झालं होतं: माळ तशीच, घडी गेली.

भार बदलतात हे पटत नसेल तर आगळाकडे, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाकडे बघा. आगळाचा लाल डाग कपड्यावर पडला आणि साबण लावला की तो जांभळट-निळसर होतो. रंगाचा रेणू तोच, हायड्रोजन आयन कमी झाले म्हणून त्याचं रूप बदललं. हायड्रोजन आयनांची ही मोजपट्टी म्हणजे सामू. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी ती १९०९ साली मांडली. विकरांवर काम करताना त्यांना तिची गरज पडली होती. मातीपरीक्षणाच्या कागदावर तुमच्या बाबांनी हा शब्द वाचलेला असतो, आपल्या जांभ्याच्या जमिनीचा सामू सातापेक्षा कमी येतो. लक्षात एवढंच ठेवा की एक अंक खाली म्हणजे हायड्रोजन आयन दहापट, दोन अंक खाली म्हणजे शंभरपट. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ इतक्या अरुंद पट्ट्यात का राखावा लागतो, ते आता सुरमईच्या तुकडीवरून तुम्हीच सांगाल.

आणि बांगड्याच्या तिखल्यात कोकम का? चव तर आहेच. पण समुद्री मासा खाऱ्या पाण्यात तग धरायला अंगात ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड बाळगतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइल अमाइन करतात, आणि तोच तो माशाचा वास. अमाइनमधला नायट्रोजन हायड्रोजन आयन उचलतो. कोकमाच्या आम्लानं तो आयन पुरवला की रेणूवर धन भार येतो, पाणी त्याला धरून ठेवतं, तो हवेत उडत नाही आणि नाकापर्यंत येत नाही. माझी आई मासे धुताना हाताला आमसूल चोळायची. तिनं अमाइन हा शब्द कधी ऐकला नव्हता.

विकरांसाठी हायड्रोजन पेरॉक्साइडचं तीन टक्क्यांचं द्रावण आणा. कच्च्या बटाट्याचा तुकडा टाकला की फसफसतं, उकडलेला टाकला की काही होत नाही. बटाट्यातलं कॅटालेज पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये कुलूप-किल्लीची उपमा दिली. १९५८ मध्ये कोशलँड यांनी दुरुस्ती केली की किल्ली आत शिरताना कुलूपही थोडं आकार बदलतं. विकर म्हणजे प्रथिन, हे दाखवलं जेम्स समनर यांनी १९२६ साली, युरीएजचे स्फटिक वेगळे करून. ते त्यांनी काढले जॅक बीनमधून, आपल्या परसातल्या अबईच्या अगदी जवळच्या नात्यातल्या शेंगेतून. मोरी, म्हणजे शार्क मासा, शिळी झाली की अमोनियाचा जो झणका येतो, त्यामागेही युरीएजच असतं. मोरीच्या अंगात युरिया भरपूर आणि जिवाणूंकडे ते तोडणारं विकर.

काही वर्षांपूर्वी एका जेवणावळीत मी बांगडा खाल्ला. चांगला खरपूस तळलेला होता. अर्ध्या तासात चेहरा लालबुंद, कानशिलं तापलेली, अंगावर गांध्या, डोकं ठणकतंय. डॉक्टरांनी अॅलर्जीवर देतात तीच गोळी दिली आणि संध्याकाळपर्यंत बरं वाटलं. मासे सकाळभर बर्फाविना उन्हात राहिले होते, हे नंतर कळलं. मला वाटलं होतं, इतकं तळल्यावर काय राहणार?

यात काय घडलं ते चार पायऱ्यांत वहीत लिहा. बांगड्याच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. उन्हात जिवाणू वाढले. त्यांच्या विकरानं हिस्टिडीनमधला आम्लाचा गट कार्बन डायऑक्साइड म्हणून काढून टाकला, उरलं हिस्टामिन. मग मासा तळला गेला. कढईत जिवाणू मेले, त्यांच्या विकराची घडी मोडली. पण हिस्टामिन हा लहानसा रेणू आहे, त्याला मोडायला घडीच नाही. तो तसाच्या तसा ताटात आला. प्रथिन उष्णतेनं बिघडतं आणि लहान रेणू टिकतो, हा फरक मला पदवीच्या पुस्तकानं नव्हे, त्या दिवशीच्या अंगाच्या आगीनं शिकवला. म्हणून मासा घेतल्यापासून चुलीपर्यंत बर्फात ठेवा. नंतर कितीही तळून त्याचा उपयोग नाही.

कार्बन मोजा

श्वसनाच्या पायऱ्या बघून घाबरू नका. पहिल्या वाचनात विकरांची नावं झाकून ठेवा आणि फक्त कार्बन मोजा. ग्लुकोजचे सहा. मधोमध तुटून तीन आणि तीन, हे पायरुवेट. इथवर निव्वळ दोन एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) हाती. ऑक्सिजन नसेल तर यीस्ट प्रत्येक तिनातला एक कार्बन डायऑक्साइड म्हणून सोडतं आणि दोन कार्बनांचं अल्कोहोल उरतं. माडावर पहाटे गोड असलेली नीरा दुपारपर्यंत फेसाळून माडी होते, ती अशी. यीस्टच्या जिवंत पेशी नसतानाही, नुसत्या त्यांच्या रसानं हे होतं, हे एडवर्ड बुखनर यांनी १८९७ मध्ये दाखवलं. ऑक्सिजन असेल तर सहाही कार्बन शेवटी कार्बन डायऑक्साइड होऊन नाकावाटे बाहेर. हिशोब जुळला की मग नावं भरा.

केळ्यातला डीएनए

हा प्रयोग बाईंच्या किंवा सरांच्या देखरेखीखाली करा, कारण स्पिरिट पेट घेतं. जवळ चूल किंवा गॅस चालू नको. अर्धं पिकलेलं केळं अर्धा कप पाण्यात कुस्करा. चिमूटभर मीठ, चमचाभर भांडी घासायचं लिक्विड घाला, फेस न करता हलक्या हातानं ढवळा, दहा मिनिटं थांबा. जुन्या पंचातून गाळा. फ्रिजमध्ये थंड केलेलं स्पिरिट पेल्याच्या कडेनं, अगदी हळू, गाळलेल्या पाण्याइतकंच ओता. दोन थरांच्या मध्ये पांढुरके, शेवाळासारखे धागे जमायला लागतील. काडीवर गुंडाळून उचला.

लिक्विडच्या रेणूलाही लाल डोकं आणि काळी शेपटी असते, म्हणून त्यानं पेशीचं मेदाचं आवरण फोडलं. डीएनएच्या कण्यात एकाआड एक फॉस्फेट, प्रत्येकावर ऋण भार. पुस्तकातली आकृती रंगवलीत तर दोन्ही कडा लालच लाल दिसतील, आणि म्हणूनच तो पाण्यात सुखानं विरघळलेला होता. मिठातल्या सोडियमनं ते भार झाकले. स्पिरिट आल्यावर पाण्याची पकड सुटली, झाकलेले धागे एकमेकांना चिकटले आणि वर आले. त्यांच्यात थोडी प्रथिनंही गुंतलेली असतात. काडी उजेडाकडे धरा, चित्र काढा, तारीख टाका. तिसऱ्या रकान्यात लिहा: केळं.